सवलत रविवारी संपते म्हणून शाखाही रविवारपर्यंत ठरवायची?

प्रश्न : मुलगी बारावी झाली, गुण चांगले आहेत. एक हलका लॅपटॉप (१.२ किलो, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी) मोठ्या सवलतीत मिळतोय, पण सवलत रविवारी संपते. तिने कॉम्प्युटर इंजिनीअरिंग घ्यायचं ठरवलं तर लगेच घेऊन देतो, असं मी तिला सांगितलं आहे. ती आर्किटेक्चर म्हणतेय, अभियोग्यता परीक्षाही दिली आहे. आम्ही समजूत काढतोय. हा लॅपटॉप चार वर्षं पुरेल का? रॅम काय, नंतर वाढवता येईलच. – एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रात लॅपटॉपचं वजन आहे, रॅम आहे, सवलतीची तारीखही आहे. मुलीला आर्किटेक्चर का करायचंय, याबद्दल मात्र एक शब्द नाही. तिला ते कुणी विचारलंय की नाही, हेही कळत नाही. मला काळजी वाटते ती याची, म्हणून आधी तेच लिहिते.

सवलतीची मुदत विक्रेत्याने त्याच्या सोयीने ठरवलेली असते. तुम्ही तीच मुदत मुलीच्या शाखेला लावलीत आणि एकाच उत्तराला बक्षीस ठेवलंत. आता ती ‘हो’ म्हणाली, तर तो होकार कॉम्प्युटरला आहे, लॅपटॉपला आहे की घरातली धुसफुस थांबावी म्हणून आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पुढे एखादा विषय राहिला की ‘एवढा लॅपटॉप घेऊन दिला तरी’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघतंच, आणि मग मूल आपली अडचण घरी सांगायचंच बंद करतं. त्यामुळे ही अट आजच मागे घ्या, आणि ती मागे घेतल्याचं तिला स्पष्ट शब्दांत सांगा. लॅपटॉप ही अभ्यासाची गरज आहे, ती कुठल्याही शाखेत लागणार आहे.

प्रवेशाच्या वाटेबद्दल लिहायची गरज नाही. अभियोग्यता परीक्षा देण्याइतकी तयारी तिने स्वतःहून केली आहे, हे तिच्या बाजूने पुरेसं बोलतं.

आता लॅपटॉप. हलकेपणाचा फायदा खरा आहे. रोज पाठीवर न्यायचा असेल तर दोन-सव्वादोन किलोचं यंत्र आणि त्याचा जड चार्जर काही महिन्यांत घरीच राहायला लागतो. सव्वा किलोचा लॅपटॉप वर्गात पोहोचतो, बॅटरीही सहसा जास्त टिकते. टिपणं, प्रेझेंटेशन, सी किंवा पायथनचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे प्रोग्रॅम यांना ८ जीबी पुरते.

पण ‘रॅम नंतर वाढवू’ हा हिशेब बहुतेक हलक्या लॅपटॉपमध्ये चुकतो. जाडी कमी करण्यासाठी रॅमच्या चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या, म्हणजे डाग देऊन कायमच्या बसवलेल्या असतात. वर्णनात एलपीडीडीआर४एक्स किंवा एलपीडीडीआर५ असं लिहिलं असेल तर ती रॅम जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली असते. खात्री करायची तर लॅपटॉप सुरू करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे, ‘एसओडिम’ दिसलं तर ती बहुधा बदलता येते. क्वचित अर्धी सोल्डर आणि एक मोकळा स्लॉट असंही असतं, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीची माहिती वाचा. ८ जीबीतला मोठा वाटा विंडोज आणि ब्राउझरच खातात, ग्राफिक्सही त्यातूनच भागवलं जातं. जागा संपली की संगणक एसएसडीचा आधार घेतो आणि सगळं रखडतं. तुम्हाला हव्या असलेल्या कॉम्प्युटर शाखेतही पुढे मोबाइल अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ त्याच्या एम्युलेटरसह (म्हणजे संगणकावरच चालणाऱ्या आभासी फोनसह) चालवायचा झाला की १६ जीबी लागते. एसएसडी मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये बदलता येते, तिची चिंता कमी.

आर्किटेक्चरसाठी तर हा लॅपटॉप मी घेऊच देणार नाही. इमारतींचे आराखडे करायच्या रेव्हिट या सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्या किमान १६ जीबी मागतात आणि ते फक्त विंडोजवर चालतं. आराखड्याचं खऱ्यासारखं चित्र तयार करायला, म्हणजे रेंडरिंगला, बऱ्याच सॉफ्टवेअरना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतं. पातळ यंत्रात उष्णता बाहेर जायला जागा कमी असते, म्हणून काही मिनिटांच्या सलग भारानंतर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. दुकानात दोन मिनिटं हाताळून हे कळत नाही.

सवलत इतकी का आहे, तेही विचारा. मागच्या पिढीचा प्रोसेसर असेल तर हरकत नाही. यंत्र डिस्प्लेवर ठेवलेलं किंवा रिफर्बिश्ड (वापरून परत आलेलं, दुरुस्त केलेलं) असेल तर विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवी असतानाची क्षमता) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आजची क्षमता) हे आकडे ताडून पाहा. दुसरा पहिल्याच्या ८० टक्क्यांखाली असेल तर नको म्हणा. एसएसडीच्या नावाखाली ईएमएमसी ही स्वस्त, संथ साठवण दिलेली नाही ना, हेही बघा.

माझं मत विचाराल तर रविवार जाऊ द्या. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचं बरंच काम ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि हाताने केलेल्या मॉडेलवर होतं, त्यामुळे घाई नाही. या आठवड्यात तिला घेऊन एका आर्किटेक्चर कॉलेजात जा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या शीट्स बघा, सबमिशनच्या आधी किती रात्री जागतात ते त्यांनाच विचारा. तसंच एका कॉम्प्युटर विभागातही जाऊन या. परतताना तुम्ही कमी बोला. त्यानंतरही ती आर्किटेक्चर म्हणाली, तर अर्ज तोच भरा. लॅपटॉपची खरेदी कॉलेजकडून सॉफ्टवेअरची यादी हातात आल्यावर करा.