पंखे चार, तरी कॅबिनेट तापलेलंच!

उन्हाळ्यात तापणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं.

प्रश्न (अकोला): मशीन घरीच जोडलं आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्या बॉक्समध्ये आलेलाच कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेटला पुढे काच, काचेमागे तीन आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे, मागच्या बाजूला एक. मे महिन्यात गेम लावला की अर्ध्या तासात प्रोसेसर ९० अंश, कार्ड ८३. गेम अडखळतो, एकदोनदा मशीन खटकन बंदच पडलं. बाजूची काच काढली की दोन्ही आकडे दहा-बारा अंशांनी उतरतात. वर आणखी दोन पंखे लावू का?

उत्तर: इतक्यात नको. बाजूची काच काढल्यावर दहा-बारा अंश उतरतात यातच निदान आलं. कूलर आणि कार्ड आपापलं काम करताहेत, त्यांना ताजी हवा मिळत नाही. फरक दोन-तीन अंशांचाच पडला असता, तर कूलर, पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) किंवा खोलीचं तापमान यांच्याकडे बोट दाखवलं असतं.

थोडा हिशेब करू. ३०६० कार्ड पूर्ण भारावर १७० वॅट घेतं, प्रोसेसर ७५च्या आसपास. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) स्वतःची उष्णता मिळून ३०० वॅट धरा. मशीनने ओढलेला वॅट न् वॅट शेवटी उष्णताच होतो. आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला दीड घनमीटरच्या वर, म्हणजे सुमारे ५५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा कॅबिनेटमधून आरपार जायला हवी. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या खोक्यावर ५०-६० सीएफएम छापलेलं असतं खरं, पण तो आकडा पंखा मोकळ्यावर फिरतानाचा. पुढे जाळी, जाळीवर धूळ आणि त्यापुढे काच आली की त्यातला निम्मा मिळाला तरी खूप.

आता पट्टी घेऊन काच आणि फ्रेम यांच्यातली फट मोजा. समजा ती ८ मिलिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. एका बाजूला ३२ चौरस सेंटिमीटर, दोन्ही बाजू मिळून ६४. तुमच्या तीन पंख्यांच्या पात्यांनी व्यापलेली जागा आहे जवळपास पावणेतीनशे. एवढ्याशा फटीतून तीन पंखे ओढताहेत. आणखी पंखे लावले तरी ते त्याच फटीवर भांडणार. आरजीबी पंख्यांचे स्वस्त संच दिसायला झकास असले तरी अडथळ्यातून हवा ओढायला त्यांच्यात फारसा दम नसतो.

पुढचं पॅनेल पूर्ण काढून (बहुतेक कॅबिनेटांत ते खालून धरून ओढलं की सुटतं) आणि बाजूची काच लावून अर्धा तास तोच गेम चालवा. आकडे उतरले तर दोष पुढच्या काचेचा. त्याच मॉडेलचं जाळीचं पॅनेल मिळत असेल तर ते घ्या. नसेल आणि काच चार स्क्रूंवर बसवलेली असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातून २० मिलिमीटरचे स्पेसर आणि तेवढेच जास्त लांबीचे स्क्रू आणून काच पुढे सरकवा. काचेच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर घाला आणि स्क्रू हातानेच आवळा, नाहीतर काच भोकापाशी तडकते.

मग पंख्यांची दिशा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या चार दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मोकळी, देखणी बाजू हवा ओढते. घोळ होतो तो तळाशी आणि मदरबोर्डच्या शेजारी उभ्या लावलेल्या पंख्यांचा. दिवे काचेतून दिसावेत म्हणून त्यांची देखणी बाजू आत करतात आणि ताजी हवा घ्यायला लावलेला पंखा आतलीच हवा बाहेर फेकत बसतो. तिथे उलट्या पात्यांचेच, म्हणजे देखण्या बाजूने हवा फेकणारे, पंखे हवेत. खात्री करायची तर उदबत्ती पेटवून जाळीपासून तीन-चार सेंटिमीटरवर धरा. धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो ते लगेच दिसतं. कार्डाच्या खाली-वरच्या रिकाम्या स्लॉटांपाशीही धरून पाहा. मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा तिथून परत आत येत असेल तर त्या स्लॉटांना पट्ट्या लावा. उदबत्तीची राख मात्र आत पडू देऊ नका.

एवढं करूनही वर पंखा हवासा वाटला तर एकच लावा, तोही मागच्या कोपऱ्याकडे, हवा बाहेर टाकणारा. वर पुढच्या बाजूला लावलेला पंखा पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचायच्या आधीच उचलून बाहेर टाकतो.

मशीन खटकन बंद पडण्याचं काय? प्रोसेसर आणि कार्ड तापले की आधी आपला वेग उतरवतात. गेम अडखळतो तो त्यामुळे. थेट काळोख झाला तर संशय एसएमपीएसवर घ्या. कॅबिनेटला तळाशी जाळी असेल तर एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून हवा आणि कॅबिनेट सतरंजीवर किंवा गालिच्यावर नको. खाली फळी टाका, पाय किमान दोन सेंटिमीटर उंच हवेत. तळाला जाळीच नसेल तर पंखा वर तोंड करून बसवा. ही काळजी घेऊनही बंद पडत असेल तर ओळखीतला चांगला एसएमपीएस लावून पाहा. जुना उघडून बघू नका. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही झटका देतात.

राहिला कूलर. रायझनबरोबर येणारा तो बुटका कूलर हवा मदरबोर्डवर ढकलतो आणि पुन्हा तीच गरम हवा ओढतो. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी तो तोकडाच. चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला एकमनोरी (सिंगल टॉवर) कूलर दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. त्याची उंची १५० ते १६० मिलिमीटर असते, तेव्हा कॅबिनेटची मर्यादा आधी बघा. पंख्याचं वारं मागच्या पंख्याकडे जाईल असाच बसवा.

एक लक्षात असू द्या: आकडे नेहमी खोलीचं तापमान वजा करून ताडून बघायचे. डिसेंबरात २६ अंशांच्या खोलीत ७४ आणि मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत ९० हे एकच मशीन आहे, त्यात काहीही बिघडलेलं नाही.

प्रश्न (सांगली): थर्मल पेस्ट किती लावायची आणि किती दिवसांनी बदलायची? जुना कूलर काढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला, एक पिन वाकली.

उत्तर: रायझनच्या एएम४ सॉकेटमध्ये हे हमखास होतं, कारण पिना प्रोसेसरला असतात आणि सुकलेली पेस्ट डिंकासारखी धरून ठेवते. कूलर काढायच्या आधी दहा मिनिटं मशीनवर जड काम चालवा, मग बंद करून प्लग काढा. पेस्ट कोमट असतानाच स्क्रू सोडवा, कूलर डावीकडे-उजवीकडे थोडा फिरवा आणि तो सैल झाल्यावरच उचला. सरळ वर ओढायचा नाही. बॉक्समधला कूलर बहुधा मागच्या पट्टीत स्क्रूंनी बसतो. स्क्रू सुटले की ती पट्टी मदरबोर्डमागे पडते, म्हणून एक हात मागे ठेवा. वाकलेली पिन पेन्सिलीच्या रिकाम्या धातूच्या टोकाने, म्हणजे ०.५ किंवा ०.७च्या मेकॅनिकल पेन्सिलने, हळूहळू सरळ करता येते. एकदा सरळ झाली की पुन्हा वाकवू नका, तुटते.

जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पुरे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर लांबट आहेत, त्यांना एका रेषेत दोन दाणे किंवा फुलीचा आकार. बोटाने सारवायची गरज नाही. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, आळीपाळीने दोन-दोन वेढे आवळा. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते काढायचं राहून गेलं की प्रोसेसर भलताच तापतो. ही चूक आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच सर्रास होते.

बदलायचं वेळापत्रक नाही. त्याच भारावर, त्याच खोलीत, धूळ साफ करूनही आकडा आठ-दहा अंशांनी चढला तर बदला.

प्रश्न (नागपूर): कॅबिनेटसमोर वाळ्याचा कूलर लावला तर चालेल का? ओल धरेल का?

उत्तर: खोलीत कूलर लावा, फायदाच आहे, खोली सहा-सात अंशांनी उतरली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच उतरतो. मशीनचे भाग हवेपेक्षा गरम असल्याने चालू असताना त्यांच्यावर दव धरत नाही. पण झोत थेट कॅबिनेटवर नको. उडालेले थेंब बोअरच्या पाण्याचे असतील तर मदरबोर्डवर पांढरे क्षार साचतात. कूलर खिडकीत, समोरची दुसरी खिडकी उघडी.

प्रश्न (पुणे): रायझन ७ ७७००एक्सला २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर लावला. तरी रेंडरिंग करताना ९५ दाखवतो, शिवाय गुळगुळ आवाज येतो.

उत्तर: ९५ची चिंता नको. या पिढीचा प्रोसेसर जड कामात ९५पर्यंत चढून तिथेच थांबायला बनवला आहे. चांगला कूलर दिला तर तो तापमान न उतरवता वेग वाढवतो. खोली तापते, पंखे ओरडतात याचा जाच होत असेल तर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘६५ वॅट’ नावाचा इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवण्याची सोय, लावा. कमाल वीज १४२ वॅटवरून ८८वर येते, तापमान झपकन उतरतं आणि रोजच्या कामात फरक क्वचितच जाणवतो.

आवाज हवेच्या बुडबुड्यांचा. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जमते; ती जागा रेडिएटरची (नळ्यांतलं पाणी गार करणाऱ्या जाळीची) हवी, पंपाची नव्हे. रेडिएटर वर लावणं उत्तम. त्याची २७ आणि पंख्यांची २५ मिलिमीटर जाडी मिळून रॅमला टेकत नाही ना, ते आधी मोजा. पुढे लावायचा तर नळ्या खालच्या बाजूने आणि रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर. तळाशी कधीच नको.

प्रश्न (ठाणे): साधा ब्राउझर उघडला तरी पंखा घोंघावतो, लगेच शांत होतो, पुन्हा घोंघावतो. एक पंखा तर कायम पूर्ण वेगातच.

उत्तर: प्रोसेसरचं तापमान क्षणात पंधरा अंश उसळतं आणि पंखा त्यामागे धावतो. बायॉसमध्ये वेग वाढण्याची दिरंगाई तीन ते पाच सेकंद ठेवा. सुरुवातीला ५० अंशांपर्यंत ३५ टक्के, ६५ला ५०, ७५ला ७०, ८५ला १०० असा आलेख ठेवून पाहा. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर चालवता आले तर आणखी बरं, ते सावकाश बदलतं.

कायम पूर्ण वेगातला पंखा तीन पिनांचा असणार आणि त्याचं हेडर (मदरबोर्डवरची पंख्याची जोडणी) पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चार पिनांच्या पंख्यांच्या पद्धतीवर. ते बायॉसमधून डीसीवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलण्याच्या पद्धतीवर, करा. एका हेडरवर वाय केबलने पंखे जोडताना सगळ्यांचे अँपिअर मिळून १च्या आत हवेत. आकडा पंख्याच्या स्टिकरवर असतो. आणि दिव्यांची ५ व्होल्टची तीन पिनी वायर १२ व्होल्टच्या चार पिनी हेडरवर बळेच खुपसू नका, दिवे जळतात.

प्रश्न (चंद्रपूर): इथे काळी धूळ फार. ब्लोअरने साफ केलं तर चालतं ना?

उत्तर: चालतं, पण प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून. ब्लोअरच्या झोताने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि पंखा जनित्रासारखी वीज उलटी मदरबोर्डकडे पाठवू शकतो. प्लग काढून मशीन गॅलरीत न्या, हीटसिंकच्या पात्यांमधून पंख्याच्या उलट दिशेने झोत मारा. व्हॅक्यूम क्लीनरचं प्लास्टिकचं तोंड बोर्डाजवळ नको, त्यावर स्थिर वीज जमते. जाळ्या नळाखाली धुवा, पण पूर्ण वाळल्यावरच लावा.

तुमच्याकडे जाळीला महिन्यातून एकदा हात लावायला हवा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे पुढचे पंखे जरा जास्त वेगात. उलटं असलं की कॅबिनेट जाळी नसलेल्या प्रत्येक भेगेतून धूळ ओढतं.