हिमालयात एकटा निघालास, तर आधी त्रिउंड कर

साताऱ्यातल्या पोरांना पाऊस पडला की डोंगर दिसतो. ती सवय हिमालयात नेऊ नकोस. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलातल्या धर्मशाळा शहराकडे धो-धो पाऊस असतो, दरडी कोसळतात. ऑक्टोबर धर.

पहिल्याच खेपेला एकट्याने जायचंय ना? मग धर्मशाळेच्या वरच्या अंगाला असलेल्या मॅक्लिओडगंजहून त्रिउंडचा डोंगर चढ. वाट मळलेली आहे, माणसांची ये-जा असते. पण उंची साधारण २८५० मीटर. आपलं कळसूबाई १६४६. मॅक्लिओडगंजला एक रात्र काढ, मगच चढ. वर उंचीमुळे डोकं ठणकून मळमळायला लागलं तर गोळी घेऊन रेटू नकोस, सरळ खाली उतर. एकट्या माणसाला हे सांगणारं शेजारी कुणी नसतं, म्हणून बजावतोय.

आतापासून महिनाभर पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन अजिंक्यतारा चढत जा. बूट त्यातच मुरव. माझ्या पहिल्या ट्रेकला नवे कोरे बूट होते. दुसऱ्या दिवशी टाचेचं कातडं मोज्याला चिकटून आलं.

सकाळी लवकर निघ, दुपारनंतर ढग भरून येतात. आणि कुठून निघालास, कधी परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी आणि घरी आईला सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.