ठासणीची रायफल चालवताय? आधी गज बघा

भावा, रिकाम्या नळीत गज, म्हणजे गोळी ठासायची लांब काठी, पूर्ण घालून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण कर. बार, म्हणजे दारू आणि गोळी, भरल्यावर दुसरी. गोळी दर वेळी त्या दुसऱ्या खुणेपर्यंत बसलीच पाहिजे. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेसुद्धा. दारू मापानंच ओत. डब्यातून थेट ओतलीस आणि आत ठिणगी धुमसत असली, तर डबाच हातात पेटेल. टोपी (घोडा आपटल्यावर ठिणगी देणारी छोटी वाटी) वाजली पण बार उडाला नाही? नळीचं तोंड लक्ष्याकडंच ठेवून किमान मिनिटभर थांब.

सफाई त्याच दिवशी. काळ्या दारूची काजळी ओल ओढते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात गंजाला एक रात्र पुरते. निप्पल (टोपी बसते तो छोटा भाग) काढून नळी कढत साबणपाण्यानं धू, चिंधी पांढरी निघेपर्यंत. मग कोरडं करून तेलाचा पातळ हात. भरण्याआधी मात्र ते तेल पुसायचं.