खुराडं आधी, कोंबड्या मग

पक्षी आणायची घाई करू नका. चार तलंगांना, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्यांना, आतून चार बाय तीन फुटांचं खुराडं पुरतं, पण ते आधी पक्कं बांधून घ्या.

षटकोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबडी आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, मांजर भोकातून पंजा घालून पिल्लू ओढतं. अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेशच, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळीच घ्या आणि ती चौकटीला खिळ्यांऐवजी स्क्रू-वॉशरनं आवळा, नाहीतर कडा उचकटतात.

मुंबईत खरी भीती घुशीची. ती खालून पोखरत येते. जमलं तर जमिनीपासून फूटभर उंच कोबा करा. पावसाळ्यात पाणीही आत शिरत नाही. कोबा नसेल तर जाळी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर माती-विटा टाका. भिंतीलगत उकरणारी घूस जाळीवर अडते. रात्री खाद्याचं भांडं आत ठेवूच नका, त्या वासानंच घुशी येतात. अंडी संध्याकाळपर्यंत उचला, तीही सापाला बोलावतात.

दिवसा घार आणि कावळे पिल्लं नेतात, म्हणून वरूनही जाळी हवी. दाराला दोन कड्या लावा, अंधार पडायच्या आत कोंबड्या मोजा.

आरे, येऊरसारख्या जंगलालगतच्या भागात बिबट्या फिरतो. त्याच्यापुढे जाळी टिकत नाही; तिथं रात्री विटांची बंद खोली, वर हवेसाठी गजाचा झरोका, एवढंच चालतं.