फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय कॅमेरा आत्ता घ्यावा की पुढच्या मॉडेलसाठी थांबावं? आणि त्याच्या हायब्रिड व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचं, एवढं काय कौतुक?

थांबावं की नाही ते खाली सांगतो. पण "त्या व्ह्यूफाइंडरमध्ये असं काय ठेवलंय?" हे तुम्ही ज्या सुरात विचारलंय, त्याच सुरात मी ते एका स्टुडिओवाल्याकडून कित्येक वर्षं ऐकलंय, म्हणून आधी त्याबद्दल.

फुजीफिल्मने सप्टेंबर २०१० मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या फोटोकिना या कॅमेरा प्रदर्शनात पहिला एक्स१०० दाखवला, तेव्हापासून मी या कॅमेऱ्याच्या मागे आहे. वर शटर स्पीडची डायल, लेन्सवर ॲपर्चरची रिंग, २३ एमएम एफ/२ ची कायमची बसवलेली लेन्स. हे सगळं देखणं आहेच, पण मला वेड लागलं ते त्याच्या खिडकीचं. पुढच्या बाजूचा छोटा लिव्हर ढकलला की आपण थेट काचेतून समोरचं बघतो आणि त्या दृश्यावर पांढरी चौकट, शटर स्पीड, एक्स्पोजर तरंगताना दिसतं. पुन्हा ढकलला की ईव्हीएफ, म्हणजे त्याच खिडकीत छोटा इलेक्ट्रॉनिक स्क्रीन. मार्च २०११ मध्ये कॅमेरा बाजारात येतोय तोच जपानात भूकंप झाला, सेंदाईजवळचा कारखाना बंद पडला आणि वाट बघणं लांबलं. तसाही अमेरिकेत १,२०० डॉलरचा कॅमेरा लग्नाच्या सीझनवर जगणाऱ्या माझ्यासारख्या असिस्टंटला परवडणारा नव्हता. पुढे मुंबईत फोर्टला बोरा बाजारात याच मालिकेतला सेकंडहँड एक्स१००टी मिळाला.

तो घेऊन पहिल्यांदा लग्नाला गेलो तेव्हा आमचे शेठ, म्हणजे तोच स्टुडिओवाला, सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, फ्रेममध्ये येत नाही ते बघून तुला करायचंय काय?"

वाईचं लग्न होतं. मंगलाष्टकं शेवटाला आलेली, अंतरपाट धरलेला, शेठ आणि व्हिडिओवाला समोर लाइट लावून उभे. मी बाजूला, ऑप्टिकल मोडमध्ये, म्हणजे थेट काचेतून बघत, चौकट नवरीवर. आणि चौकटीच्या बाहेर, डावीकडे, नवरीची आजी एका पोराचा खांदा धरून खुर्चीतून उठताना दिसली. मूठ अक्षतांनी गच्च. पुढच्या रांगेतल्यांमुळे तिला काही दिसत नव्हतं, म्हणून ती कडेकडेने पुढे यायला लागली. ती माझ्या चौकटीत शिरणार हे मला ती शिरायच्या आधी कळलं. अर्धं पाऊल मागे सरकलो, फोकस धरून ठेवला. अंतरपाट खाली आला, आजीचा हात वर गेला, अक्षता हवेत, आणि नवरी नवऱ्याकडे न बघता आजीकडे बघतेय. लीफ शटर, म्हणजे लेन्समध्येच बसवलेलं पात्यांचं शटर, असल्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. दोघींनाही फोटो निघाल्याचं कळलं नाही.

शेठनी तो फोटो अल्बममध्ये पूर्ण पानभर घेतला. वर म्हणाले, "टायमिंग लागलं. नशीब."

नशीब नव्हतं ते. मी आजीला येताना बघितलं होतं. डीएसएलआर घ्या, ईव्हीएफ घ्या नाहीतर फोनचा स्क्रीन, तिथे जेवढं फोटोत येणार तेवढंच दिसतं. बाहेरचं माणूस आत आलं की अचानक येतं, आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत क्षण गेलेला असतो. ऑप्टिकलमध्ये चौकटीभोवतीचं जग दिसत राहतं, त्यामुळे कोणाला आत येऊ द्यायचं, कोणाला नाही, हे आधी ठरवता येतं. फ्रेममध्ये येत नाही ते बघून हेच करायचं असतं. शेठना मी हे तेव्हाही सांगितलं, आजही सांगेन.

आता थांबण्याबद्दल. या मालिकेतले कॅमेरे २०११, २०१३, २०१४, २०१७, २०२० आणि २०२४ असे आले. अंतर वाढत चाललंय, आणि पुढच्याच्या तारखा सांगणाऱ्या अफवांवर लग्नाचं काय, वाढदिवसाचंही काम घेऊ नये. व्हीआयमध्ये ४० मेगापिक्सेल आहेत, या मालिकेत पहिल्यांदा बॉडीतच स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय, आलंय. याहून जास्त तुम्हाला नेमकं काय हवंय? शिवाय फुजीनेच २०२५ मध्ये काढलेल्या जीएफएक्स१००आरएफमध्ये आणि एक्स-ई५ मध्ये ऑप्टिकल खिडकी नाही. लायकाच्या क्यू३ कॅमेऱ्यातही नाही. जिथे ती आहे तिथे घेऊन टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त छापील किमतीच्या वर एक रुपया देऊ नका. टिकटॉकवर गाजल्यानंतर एक्स१००व्ही जुना असून नव्यापेक्षा महाग विकला जात होता, तो वेडेपणा होता. नवा योग्य भावात मिळत नसेल तर सरळ जुना एक्स१००टी किंवा एक्स१००एफ शोधा. खिडकीचं तत्त्व तेच आहे.

हे मात्र आधी लिहायला हवं होतं: झूम नाही, लेन्स बदलत नाही. पक्षी, क्रिकेट, स्टेज यासाठी हा कॅमेरा नाही. जवळच्या वस्तूला ऑप्टिकलमध्ये पॅरॅलॅक्समुळे, म्हणजे खिडकी आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्यामुळे, चौकट सरकते, तिथे ईव्हीएफच वापरा. लेन्सवर हूड (आडवं ऊन अडवणारी कड) लावलं तर खिडकीचा खालचा उजवा कोपरा झाकला जातो. आणि पावसात न्यायचा असेल तर व्हीआयलाही पुढे ॲडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावल्याशिवाय पाणी-धूळ अडवणारं सीलिंग पूर्ण होत नाही, तो खर्च धरून चाला.

जुना घेताना लिव्हर बरेचदा ढकलून बघा, चौकट उन्हातही उजळ दिसते का तपासा. अगदी पहिला एक्स१०० असेल तर ॲपर्चरच्या पात्या अडकत नाहीत ना ते एफ/२ पासून एफ/१६ पर्यंत फोटो काढून दुकानातच बघा.