विषय लहान केला तर प्रबंधाची पानं कशी भरणार?

एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी लघुप्रबंधाचा आराखडा घेऊन आली. शीर्षक ‘बचत गट आणि महिला सक्षमीकरण : एक अभ्यास’, उद्दिष्टं सात. मार्गदर्शकांनी ‘फार व्यापक’ असा शेरा मारून तो परत केला होता. तिने ‘विशेष संदर्भ’ म्हणून तालुक्याचं नाव जोडलं, तरी शेरा तोच. पण तिची खरी धास्ती वेगळीच होती : ‘मॅडम, अजून लहान केला तर पानं कशी भरणार?’

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, ‘विशेष संदर्भ’वाल्या प्रबंधांची रांगच आहे, त्यामुळे तालुका घातला की काम झालं असं अनेकांना वाटतं. त्याने नकाशा लहान होतो, प्रश्न होता तेवढाच राहतो.

तिला आधी एकच काम सांगितलं : गटाच्या दप्तरात काय काय मिळेल ते लिहून आण. इतिवृत्ताची वही, बचत-कर्जाची खतावणी, सदस्यांची पासबुकं. यांत ‘आत्मविश्वास’ कुठे सापडत नाही. कर्जाची तारीख, रक्कम, परतफेड सापडते. म्हणून कर्जच धरायचं ठरलं. मग वाचन. बायकांच्या नावावरची बरीच कर्जं प्रत्यक्षात घरचे पुरुष वापरतात, असं 1996 साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. ‘आमच्याकडेही तसंच आहे,’ ती लगेच म्हणाली. असेलही, पण उत्तर आधीच ठरलं असेल तर संशोधन कशाला?

शेवटी प्रश्न असा झाला : गेल्या तीन वर्षांत विवाहित सदस्यांनी घेतलेलं कर्ज कशावर खर्च करायचं हे घरात कोणी ठरवलं, आणि गटाचं अंतर्गत (सदस्यांच्या बचतीतून दिलेलं) कर्ज व बँकेचं कर्ज यांत त्याबाबत फरक पडतो का? उद्दिष्टं सातावरून दोनावर आली.

यात एक बारकावा आहे. मोजायचं ते कर्ज, बाई नव्हे. एकीने तीन कर्जं घेतली असतील तर तक्त्यात तीन ओळी. शिवाय ‘कोणी ठरवलं?’ असं थेट विचारलं, त्यातून नवरा शेजारी बसलेला असला, की ‘दोघांनी मिळून’ हेच ऐकू येतं. त्याऐवजी विचारायचं : पैसे कोणाच्या हातात आले, वस्तू आणायला कोण गेलं, पावती कोणाच्या नावावर, हप्ता कोणाच्या कमाईतून गेला? तारीख आणि रक्कम खतावणीशी ताडून घ्यायची. जुन्या कर्जांबाबत आठवण दगा देते.

प्रश्नावली छापण्याआधी रिकामे तक्ते आखायला लावले. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसेना, तो गळाला. धर्म, जात, घराचा प्रकार सवयीने विचारले जातात. वापर नसेल तर तेही काढायचे.

पानांचं म्हणाल, तर शेती, दवाखाना, शिक्षण, लग्न अशा कारणांनुसार कर्जं वेगळी मांडली की मजकूर कमी पडत नाही. उलट फार आखडलं तर अडचण होते. गटात साधारण 10 ते 20 बायका. एकाच गटावर थांबलात तर बँकेचं कर्ज घेतलेल्या मोजक्याच निघतात आणि तुलना बारगळते. म्हणून तिने दहा गटांतल्या 60 जणी घेतल्या. एका मुलाखतीला पाऊण तास, बायका शेतातून परतल्यावर संध्याकाळी फार तर तिघी, म्हणजे वीस संध्याकाळी. पेरणीचा जून त्यातून वगळायचा.