शॉन ओ रिआडा संगीतकार की ‘केवळ अरेंजर’?

आयर्लंडचे शॉन ओ रिआडा यांचे संगीत ऐकायला कोठून सुरुवात करावी आणि ते संगीतकार होते की केवळ अरेंजर, म्हणजे तयार चालीचे वाद्यसंयोजन करणारे, असे आपण विचारले आहे. त्यातला ‘केवळ’ हा शब्द मला लागला, म्हणून लिहीत आहे.

मी पुण्यात बावीस वर्षे संगीत संयोजन करतो. अभंगांच्या एका कार्यक्रमासाठी चार व्हायोलिन आणि एका बासरीचे नोटेशन मी अकरा रात्री जागून लिहिले होते. दुसऱ्या अंतऱ्यानंतर सगळी साथ थांबवून ध्रुवपदाची ओळ मी एकट्या बासरीला खालच्या सप्तकात दिली होती, आणि त्या जागेला सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. निवेदनात मात्र माझे नाव आले नाही. विचारले तेव्हा आयोजक म्हणाले, “चाल तर तयारच होती.” घरी थोरल्या भावानेही तेच ऐकवले, तो वाद आजही मिटलेला नाही.

‘रोशीन दुव’ या आयरिश लोकगीताची चालसुद्धा तयारच होती, पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी होती. १९५९ च्या ‘मिशा एरे’ या आयरिश माहितीपटात ओ रिआडांनी ती फ्रेंच हॉर्न या पितळी फुंकवाद्याला दिली, तिच्यामागे पूर्ण वाद्यवृंद उभा केला, आणि त्यांचे नाव देशभर झाले. पुढे ‘क्योलतोरी खूअलन’ या आपल्या वाद्यसमूहात त्यांनी, सर्वांनी मिळून चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवण्याची, आयरिश नाचाला साथ करणाऱ्या ‘केली बँड’ची रीत मोडली. कधी एकटे फिडल (व्हायोलिन), कधी बासरी, कधी समूहातल्या पॅडी मलोनींचे इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप), अशी चाल हातोहात फिरू लागली. स्वतः ते हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे पट्ट्यांचे वाद्य वाजवत, कारण धातूच्या तारांच्या जुन्या आयरिश हार्पचा नाद त्यांना त्यात सापडत असे. कोणता स्वर कोणाच्या हाती द्यायचा आणि कोणाला गप्प बसवायचे, हे ठरवणे ही रचनाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात ‘नोमोस’ मालिकेतल्या वाद्यवृंदरचना आणि कूल इया या आयरिश गावच्या गायकवृंदासाठी केलेले प्रार्थनासंगीत ही त्यांची स्वतंत्र निर्मिती आहे, हेही सांगायला हवे. १९७१ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते गेले.

‘रोशीन दुव’ आधी एखाद्या गायकाच्या आवाजात, साथीशिवाय ऐका आणि लगेच माहितीपटातला हॉर्न ऐका. भावाला मी याच क्रमाने ऐकवले. हॉर्नचा भाग त्याने पुन्हा लावायला सांगितला. पण आपले वाक्य त्याने अजून मागे घेतलेले नाही.